लाल-पिवळी किनार

पासवर्ड चालला. हाशिर मुकादमने तो मुद्दाम टाकलासुद्धा नव्हता. जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान झाली होती, दुकानाचं शटर खाली आलं होतं, बरोबरचे दोघे बंगाली मशिदीकडे गेले होते आणि तो मागच्या खोलीत एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर नेट चालतंय का ते बघत होता. एवढं बघून तोही नमाजाला निघणार होता. काहीतरी उघडून बघायचं म्हणून बोटांनी आपण होऊन जुन्या कंपनीचा पत्ता टाईप केला, खाली नाव, त्याखाली पासवर्ड. वर्षानुवर्षं रोज सकाळी हेच केलेलं. दार बंदच असणार असं धरून तो खुर्चीतून अर्धा उठला होता, तोच पडद्यावर कंपनीतली सगळी मशीनं एकाखाली एक उतरली. तो पुन्हा बसला.  नावं त्यानंच ठेवलेली होती. पुरुषांच्या मजल्यावरच्या मशीनांना त्याच्या श्रीवर्धनच्या आसपासच्या गावांची: दिवेआगर, बोर्ली, हरिहरेश्वर. बायकांच्या मजल्यावरच्यांना फुलांची: अबोली, बकुळ, सुरंगी. आणि कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख उदय करमरकर नाशिकचा, म्हणून त्याच्या मशीनचं नाव गोदा. तेव्हा उदय किती खूश झाला होता! 'अरे, जेद्दाहमध्ये गोदावरी आणलीस की तू,' म्हणत त्यानं पाठीवर थाप मारली होती. त्या थापेची जागा आता अचानक जाणवायला लागली. हाशिरने पाठ खुर्चीला घासली, लॅपटॉप मिटला आणि शटर वर गेल्यावर गिऱ्हाइकाला तो देऊन टाकला.

कंपनी औषधं आणि दवाखान्यांचं सामान आणून विकायची. मुख्य कचेरी इथंच, अल अझीझियात, आणि माल ठेवायची गोदामं हुफूफला. कचेरीचा वरचा मजला बायकांचा. त्यांचं दार वेगळं, लिफ्ट वेगळी. तिथं एखादं मशीन बिघडलं की पंचाईत व्हायची. पुरुषानं वर जायचं नाही, बायकांत कोणाला दुरुस्ती येत नाही, आणि कचेरी सुटेपर्यंत मशीन तसंच पडून राहायचं. मग ही नवी मशीनं आली. त्यांच्या मुख्य बोर्डावर एक लहानशी चिप होती, तिला झोप नव्हती. मशीन बंद असो, विंडोज मेलेलं असो, प्लगमध्ये वीज आहे तोवर ती जागी असायची आणि बाहेरून कोणी नीट हाक मारली की ओ द्यायची. मशीन चालू कर म्हटलं की चालू, बंद म्हटलं की बंद, पडदा दाखव म्हटलं की पडदा, आणि त्यावर बाहेरून टाईपही करता यायचं. हाशिरने महिनाभर खपून हे सगळं जुळवलं. पडदा बघण्याआधी समोर बसलेल्या माणसानं तिथं उमटलेला आकडा फोनवर सांगायचा, असा नियम होता. पण परक्या पुरुषाशी फोनवर बोलायला वरच्या बायका कचरत, म्हणून मुदीरनं, म्हणजे कंपनीच्या मॅनेजरनं, ती अटच काढून टाकायला लावली. राहिली फक्त पडद्याच्या कडेची लाल-पिवळी किनार. कोणी बाहेरून बघत असलं की ती लुकलुकायची. चिपच ती काढायची, थांबवता यायची नाही. मालकांसमोर हे सगळं दाखवायची वेळ आली तेव्हा उदय उभा राहून 'आम्ही' म्हणाला आणि हाशिर प्रोजेक्टरच्या वायरीजवळ बसला होता. तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. झालेल्या सगळ्याच गोष्टी आता उलट्या बाजूनं उसवत होत्या.

मग निताकात हा सरकारी नियम आला. किती सौदी, किती बाहेरचे, त्यावरून प्रत्येक कंपनीला रंग मिळायला लागला. त्यांची पिवळ्यात गेली. हिरव्यात यायचं तर सौदी माणसं घ्यायची आणि बाहेरची कमी करायची. उदयनं एका सकाळी हाशिरला बोलावून सांगितलं, 'वरच्या मजल्यावर एक सौदी मुलगी घेतलीय, सहर. कॉम्प्युटरचं शिकलेली आहे. तिला सगळं शिकव. तुझाच भार हलका होईल.' हाशिरने शिकवलं. फोनवर आणि पडद्यावर. तिचा चेहरा त्यानं कधी पाहिला नाही, ती त्याला 'उस्ताद हाशिर' म्हणायची आणि एक गोष्ट दोनदा विचारायची नाही. आपल्या मशीनचं नाव सुरंगी का, हे मात्र तिनं विचारलं होतं. त्यानं सांगितलं, आमच्याकडचं फूल आहे, त्याचा गजरा सुकला तरी वास जात नाही. फोनवर ती थोडं हसली. शिकवून झालं त्याच महिन्यात हाशिरचं नाव निघालं. उदयनं दार लावून घेतलं, त्याचा हात हातात धरला, डोळ्यांत पाणी आणलं. 'मी खूप भांडलो रे तुझ्यासाठी. मुदीर ऐकेचना.' हाशिरनेच त्याची समजूत घातली. नशीब म्हणाला. आणि आठवडाभरानं कंपनीचा हैदराबादी ड्रायव्हर जलाल त्याला भेटला आणि म्हणाला, 'क्या नसीब, मियाँ? गाड़ी में मैं था। मुदीर ने पूछा भी नहीं था, तेरे उदय साहब ने ख़ुद तेरा नाम दिया।'

तेव्हापासून हे वाक्य त्याच्या आत घर करून होतं. सरकारनं नोकरी बदलायला दिलेली मोहलत चालू होती म्हणून दुसरा कफील, कामावर ठेवून घेणारा जामीन मालक, मिळाला, हे दुकान मिळालं, पण नव्या इकाम्यावर, राहण्याच्या परवान्यावर, धंदा लिहिला गेला 'आमिल', म्हणजे मजूर, आणि मजुराला बायकोमुलं जवळ ठेवता येत नाहीत. मैमुना आणि सादिया गावी गेल्या. सादियाचं दहावीचं वर्ष अर्ध्यात होतं. तिला गणित उदयची बायको मंजिरी शिकवायची, जीव लावून शिकवायची, आणि मैमुना दर शुक्रवारी त्यांच्याकडे सुरमईचं कालवण पाठवायची. विमानतळावर मैमुना रडली. सादिया रडली नाही. 'इट्स ओके, अब्बा,' म्हणाली आणि कानांत वायरी घालून सरळ पुढे चालायला लागली, पाठीवरची सॅक एका बाजूला कललेली. आता घराच्या जागी एक खोली होती, तिच्यात सहा माणसांचे पलंग, आणि भिंतीकडे तोंड करून झोपलं की ती कललेली सॅक दिसायची. मग तिच्यामागे उदयचे ओले डोळे. हाशिर त्या डोळ्यांना काय काय करायचा! एकदा त्यानं मनातल्या मनात उदयला विमानतळावर उभं केलं, मंजिरीला रडायला लावलं, पण त्यानंही भागलं नाही, कारण मनातला उदय लगेच हाशिरचा हात हातात घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी जोहरला तो मशिदीत गेला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. शटर खाली आलं, रस्त्यावरचा आवाज पत्र्याच्या पलीकडे गेला, आणि त्यानं दुकानातलंच मशीन उघडलं. या वेळी उदय एकटा असतो हे त्याला ठाऊक होतं. सगळी कचेरी नमाजाला जायची, उदय डबा उघडायचा आणि एका हातानं जेवत दुसऱ्या हातानं मुदीरचा रिपोर्ट बनवायचा. फाईल सेव्ह करायची त्याला सवय नव्हती. शेवटी एकदाच करायचा, हाशिर त्यासाठी किती वेळा त्याच्यावर चिडला होता. गोदा. त्यापुढे 'वीज बंद'चं बटण. बटणावर बाण नेऊन तो थांबला. इथून तिथपर्यंत चालत जाता आलं असतं. चालत जाऊन तोंडावर बोलता आलं असतं. पण बोलायला गेलं की उदय हात धरणार. त्यानं बटण दाबलं. काहीच आवाज झाला नाही. फक्त नावापुढचा हिरवा ठिपका राखाडी झाला. आणि हाशिरच्या मानेपासून बोटांपर्यंत काहीतरी गोड, गरम उतरत गेलं, तापातून उठल्यावर पहिला घास पोटात जावा तसं. त्याला कडकडून भूक लागली. त्या दुपारी त्यानं समोरच्या दुकानातला बुखारी भात मागवून ताट पुसून खाल्लं. बंगाल्यांपैकी एक म्हणालासुद्धा, 'भाई, आज तो आप हँस रहे हैं।'

मग ती सवय झाली. रोज नाही, रोज केलं की चव जाते. एखादा दिवस तो मशिदीत जायचा, नमाजाच्या रांगेत उभा राहायचा आणि सजद्यात जमिनीला कपाळ टेकलेलं असताना डोळ्यांपुढे हिरवा ठिपका यायचा. असला नमाज होतो तरी का, हे त्याला कळेना. मग तो जाईनासाच झाला. मैमुनाचा फोन आला की ती विचारायची, 'जेवण झाला? नमाज चुकवत नाय ना?' आणि तो 'नाही' म्हणायचा. सादियाला श्रीवर्धनच्या शाळेत कसंबसं घेतलं होतं. मराठीचा पेपर तिला जमत नव्हता, वर्गातली मुलं तिला 'सौदी' म्हणून चिडवायची. हे ऐकलं की दुसऱ्या दिवशी गोदा बंद पडायचीच. फक्त बंद करून भागेना, तेव्हा तो बंद करायचा, उदय चालू करेपर्यंत थांबायचा, ठिपका हिरवा झाला की मनात त्याला पासवर्ड टाकू द्यायचा, फाईल शोधू द्यायचा, आणि मग पुन्हा बंद. उदयचा चेहरा त्याला दिसत नव्हता आणि ती एवढी एकच खंत होती. घाम आला असेल का? जेवण तसंच राहिलं असेल का? आपलं नाव त्याच्या मनात आलं असेल का? यावं आणि येऊ नये, दोन्ही त्याला हवं होतं.

एका संध्याकाळी जलाल बुफियात, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत, भेटला. हाशिरने काही विचारलं नाही, जलाल आपण होऊनच बोलायला लागला. 'तेरे उदय साहब की तो हवा टाइट है। कम्प्यूटर बार-बार बंद हो जाता है। उस दिन मालिक की मीटिंग का पूरा काम उड़ गया।' हाशिरने कप तोंडाला लावला.  'फिर?' 'फिर क्या, कहते हैं ऊपर वाली लड़की की ग़लती है। पासवर्ड उसी के पास है, तो नाम भी उसी का आया। दो बार पेशी हो गई बेचारी की।' चहा एकदम गोडमिट्ट लागायला लागला. हाशिरला आधी राग आला तो उदयचा. एवढ्या नेमानं, एवढ्या निगुतीनं मारलेला फटका हा माणूस खुशाल दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो? ती वापरायची ते नाव आणि तो पासवर्ड हाशिरचाच होता, त्यानंच तिच्या हवाली केलेला. हे त्याला अगदी पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत होतं, पण त्याकडे त्यानं पाहिलं नव्हतं. खोलीवर परतताना तो स्वतःशी म्हणाला, तिचं काय, ती त्यांची आहे, तिला कोण काढतंय, देश तिचा आहे. जिन्यात थांबून पुन्हा एकदा हेच म्हणाला. वर जाईपर्यंत ते खरं वाटायला लागलं.

तरी त्याला बघावंसं वाटलं. त्या जोहरला त्यानं गोदाला हात लावला नाही. सुरंगी उघडली आणि पडदा मागितला. या वेळी सहर नमाजाला गेलेली असते, तिची खुर्ची रिकामी असते, तेव्हा कडेची किनार लुकलुकली तरी बघणारं कोणी नाही, असा त्याचा हिशेब. पडदा आला. त्यावर एक कोरं पान उघडं होतं, नुसता कर्सर उघडझाप करत होता. हाशिर बघत राहिला. आणि पानावर इंग्रजी अक्षरं उमटायला लागली, एकेक, सावकाश.

'उस्ताद हाशिर?'

त्याचे हात कीबोर्डवरून मागे आले, चटका बसल्यासारखे. शटरबाहेर कोणीतरी खोकलं. अक्षरं पुढे सरकली. 'किनार दिसते आहे मला. तुम्हीच शिकवलंत ना, ही दिसली की कोणीतरी बघतंय. मी आज मुद्दाम नमाजाला गेले नाही.'  मग, 'ते म्हणतात मी करते. मी नाही म्हटलं, कोणी ऐकत नाही. माझ्या वडिलांना मी नोकरी करावी हे आधीच पटत नव्हतं. आता ते म्हणतात, बघ.' त्यानं उत्तर दिलं असतं तर तिथल्या तिथं उमटलं असतं. तिच्याच पानावर, तिच्या ओळीखाली. एक शब्द पुरला असता. नुसतं 'हो' लिहिलं असतं तरी ती ते पान मुदीरला दाखवू शकली असती. बोटं कीबोर्डवर आलीसुद्धा. मग त्याला वाटलं, ही माझ्या खुर्चीत बसली आहे. मीच तिला बसवलं, मन लावून, आणि त्याच्या बदल्यात माझी पोर विमानतळावर सॅक घेऊन चालत गेली. तिच्या वडिलांना पटत नाही म्हणे! माझ्या मुलीला तिच्या वर्गात सौदी म्हणतात. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्याला त्या क्षणी विचारूनही सांगता आलं नसतं, पण आत ती दोन्ही एकमेकांवर घासून पेटली. पानावर शेवटची ओळ आली. 'तुम्ही माझ्याशी असं का करता? मी तर तुम्हाला...' आणि हाशिरने सुरंगी बंद केली. पडदा काळा झाला. काळ्या काचेत दुकानातल्या ट्यूबलाईटचं प्रतिबिंब होतं आणि त्याखाली त्याचा चेहरा, तोंड थोडं उघडं. भूक लागली नाही. त्यानं वाट पाहिली, पण ते गोड, गरम काही उतरलंच नाही.

उदयचा फोन त्यानंतर काही दिवसांनी आला. 'अरे हाशिर, आहेस कुठे? विसरलास का आम्हाला?' आवाजात तीच ऊब. संध्याकाळी तो गाडी घेऊन दुकानापाशी आला, हाशिरला बसवून समुद्रावर घेऊन गेला. अजून ऊन होतं. किनाऱ्यावर सौदी कुटुंबं गालिचे अंथरून बसली होती, पोरं सायकली फिरवत होती. उदयनं दोन चहा आणले, गाडीच्या बॉनेटवर ठेवले. त्याचे केस पिकले होते. हाशिरला ते बरं वाटलं.

'परत ये,' उदय म्हणाला. 'कंपनी हिरव्यात आलीय. ट्रान्सफर घेता येते. इकाम्यावर पुन्हा टेक्निशियन लिहून घेऊ, फॅमिली व्हिसा होईल. सादिया अकरावी-बारावी इथं करेल. मंजिरी रोज तिची आठवण काढते.'

'आणि वरची मुलगी?'

'सहर? तिला ऑर्डरी टाईप करायला बसवलंय. सौदी आहे, काढायचं कशाला? टक्केवारी तशीच राहते, जागा तेवढी रिकामी झाली.' उदयनं चहा ढवळला. 'हुशार होती पण. मुदीर तिला माझ्या जागेवर आणायच्या बेतात होता. सगळं ठरत आलं होतं.'

हाशिर समुद्राकडे बघत होता. लाटा नव्हत्या. इथल्या समुद्राला कधीच नसतात म्हणावं इतका तो सपाट असतो.

'ती मुदीरकडे गेली होती,' उदय पुढे म्हणाला, अगदी सहज, घरातलं काही सांगावं तसं. 'पडद्याला किनार दिसली म्हणाली. कोणीतरी बाहेरून आहे म्हणाली. मुदीरनं मला विचारलं. मी म्हटलं, तसं काही नसतं, साहेब. त्याआधी, पहिल्यांदा माझं मशीन बंद पडलं, तेव्हाच पासवर्ड बदलू म्हणत होती. मी म्हटलं, राहू दे सध्या.' आणि मग त्यानं हाशिरकडे पाहिलं. 'सगळे नमाजाला गेले की नेमकं माझंच मशीन. अरे, मी काय तुला आज ओळखतो का?'

 उदय समोर आला की काय काय बोलायचं ते हाशिरने किती दिवस मनात रचून ठेवलं होतं, त्यातलं एकही हाताशी येईना. 'माझं नाव तुम्ही दिलंत,' तो म्हणाला.  'मुदीरनं विचारायच्या आधी.'

 उदयच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. 'दिलं,' तो म्हणाला. 'दोघांतला एक जाणारच होता. तुझ्या हातात असतं, तर तू माझं नाव दिलं नसतंस?' हाशिरला 'नसतं दिलं' म्हणायचं होतं. ते खरं होतं, त्या वेळी ते नक्की खरं होतं. पण तोंड उघडलं तेव्हा जिभेवर आलं ते अर्धं राहिलेलं एक वाक्य, 'मी तर तुम्हाला', आणि त्यानं तोंड मिटलं. उदयनं त्याचा हात हातात घेतला. तळवा कोमट होता, चहाच्या कपाचा. हाशिरने हात ओढून घेतला नाही. त्याला वाटलं, हा माणूस आता मला कधीच सोडणार नाही, जन्मभर हा माझ्याशी चांगलाच वागणार आहे.

'येतोस ना?'

'येतो,' हाशिर म्हणाला.

खोलीवर जायच्या आधी त्यानं रस्त्यातच फोन लावला. मैमुनाला आधी समजेचना, मग तिनं किंकाळी फोडली, सादियाला हाका मारल्या, मागून सादियाचं इंग्रजीत काहीतरी ऐकू आलं आणि मैमुना तिला म्हणाली, 'अगो, अब्बांची नोकरी परत मिळाली, आपण जायचा!' मग ती फोनवर रडायला लागली. 'कोणी केला हो एवढा? उदयभाऊनी?'

'हो.'

'मी सांगत नव्हते तुमाला, तो माणूस तसा नाय? तुमी उगाच मनात धरलात. त्याचे उपकार विसरू नका हं.' तिचा श्वास स्थिर झाला, आवाज खाली आला. ती दुवा मागत होती हे त्याला कळलं. तिथं, अंगणात उभी राहून, ओढणीचा पदर पसरून. अल्ला उदयभाऊला सुखी ठेव. त्याच्या घरादाराला बरकत दे. त्याचा वाईट चिंतणाऱ्याला त्याच्यापासून दूर ठेव. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. ती थांबली. त्याची वाट बघत थांबली.

'म्हणा ना,' ती म्हणाली.

'आमीन,' हाशिर म्हणाला.